खोडलेले दोन शब्द

ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, त्याच वर्षी मी तलासरीच्या एका शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. मूळची मी नाशिककडची. तलासरीत मनासारखी जागा मिळेना, म्हणून डहाणू रोडला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर खोली घेतली आणि रोज एसटीने ये-जा सुरू केली. आठवीला व्याकरण, नववीला कविता, दहावीला पत्रलेखन. पत्रलेखनात एक औपचारिक पत्र असे: आपल्या भागातील अनियमित पाणीपुरवठ्याबाबत संबंधितांस पत्र लिहा. ज्या पाड्यांवर नळच नव्हता तिथली मुलं अनियमित पाणीपुरवठ्यावर सुरेख पत्रं लिहीत, आणि मायना बरोबर असला की मी पूर्ण गुण देई. यात काही हसण्यासारखं आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डहाणूत मला करमायला लागलं ते आमच्या वाचक मंडळामुळे. आम्ही सात-आठ जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष, गझला लिहिणारे एक दातांचे डॉक्टर, चिकूच्या वाडीच्या मालकीणबाई, बाकी शिक्षक, त्यांत कविता करणारी मी. बाजाराच्या तोंडाशी एका जुन्या ट्रस्टचं सभागृह आहे, त्याच्या माडीवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही जमत असू. कष्टकऱ्यांची, वंचितांची आत्मकथनं आम्ही फार मनापासून वाचली. वाचताना अध्यक्षांचा आवाज भरून येई. मग डॉक्टर खिडकी उघडत, खालून मासळीचा वास येई, आणि कुणीतरी उठून ती पुन्हा लावून घेई.

खाली फाटकाला लागून, भिंतीच्या सावलीत, चिंचणीच्या पाच बायका मासळी विकायला बसत. जागा ट्रस्टचीच होती. सकाळी सातला टेम्पोने यायच्या, बाराच्या सुमाराला टोपल्या रिकाम्या करून जायच्या. त्यांच्यातल्या थोरलीला मी मावशी म्हणत असे. ती मला ‘बाई’ म्हणायची आणि त्याच दमात ‘तू’ म्हणायची. नाशिककडच्या मला बोंबील साफ करायला तिनेच शिकवलं होतं. “पोरांना शिकवतेस आणि तुला एवढं येत नाय,” असं म्हणत तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली होती, ते मला आठवतं.

मंडळाने एक दिवसाचं साहित्य संमेलन भरवायचं ठरवलं. विषय होता श्रम आणि साहित्य. मुंबईहून एक प्राध्यापक येणार होते, याच विषयावर त्यांचा मोठा अभ्यास. मी सचिव होते. तयारीच्या बैठकीत अध्यक्षांनी घसा साफ केला.

“पाहुणे गाडीतून उतरणार ते थेट टोपल्यांमध्ये. बरं दिसणार नाही.”

“आणि वासाचं काय?” वाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, “पण आपला विषय श्रमाचा आहे.”

“विषय आत आहे,” अध्यक्ष शांतपणे म्हणाले. “आणि एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

ट्रस्टला अर्ज द्यायचं ठरलं. अध्यक्षांनी तिथेच कागदावर एक ओळ लिहिली: आमच्या कार्यक्रमानिमित्त प्रवेशद्वाराजवळील मासळीविक्री एक दिवसापुरती अन्यत्र हलवावी. कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “जरा भाषा बघा, तुमचं अक्षरही चांगलं आहे.”

मी घरी येऊन भाषा बघितली. ती ओळ मला अगदी बँकेच्या नोटिशीसारखी वाटली. साहित्याच्या मंडळाचा अर्ज, तर त्याला काही डौल हवा. मी लिहिलं की साहित्यरसिकांच्या या वास्तूचं प्रवेशद्वार मोकळं, स्वच्छ आणि स्वागतशील असावं, ही सर्वांची दीर्घकाळची अपेक्षा आहे. तेथील मासळीविक्री अन्यत्र हलवावी, ही नम्र विनंती. ‘एक दिवसापुरती’ हे शब्द मी आधी ठेवले होते. पण वरच्या वाक्यात ‘दीर्घकाळची’ आलं होतं, त्यामुळे खाली ‘एक दिवसापुरती’ खटकत होतं. मोठ्याने वाचून बघितलं, वाक्य अडखळत होतं. म्हणून ते दोन शब्द खोडले आणि अर्ज नीट उतरवून काढला. अध्यक्षांनी न वाचता सही केली. माझ्या मराठीवर त्यांचा विश्वास होता.

त्या ट्रस्टकडे माडीवरचा पंखा दुरुस्त करावा म्हणून आम्ही तीन वेळा अर्ज केला होता. तिन्ही वेळा काही झालं नव्हतं. हा अर्ज मात्र आठवड्यात मंजूर झाला.

संमेलनाच्या दिवशी सकाळी मी पोचले तर भिंतीजवळची जागा धुऊन काढलेली होती आणि तिथे क्रोटनच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. छान दिसत होतं, खोटं कशाला सांगू. उद्या परत येतील बायका, असं म्हणत मी वर गेले.

संमेलन उत्तम झालं. पाहुणे तासभर बोलले. कष्टकऱ्यांच्या भाषेला साहित्याच्या दारात हक्काची जागा मिळाली पाहिजे, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. जेवणाच्या वेळी पाहुण्यांनी जरा संकोचून विचारलं, “इथली मासळी फार चांगली असते म्हणे?” आम्ही सगळ्यांनी वाडीच्या मालकीणबाईंकडे पाहिलं, कारण जेवणाचं त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, “सकाळी येता येता फाटकापाशी घ्यायची असं ठरवलं होतं मी.” पाहुण्यांनी पनीर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर वेल्डिंगवाला बसलेला होता. भिंतीपासून रस्त्यापर्यंत लोखंडी कठडा लागत होता. मी ट्रस्टच्या ऑफिसात गेले. तिथे एक कारकून होते, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारे.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“तुमच्याच मंडळाचा अर्ज होता ना. समितीला फार आवडला. मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला मला.”

“अहो, एका दिवसापुरतं म्हणायचं होतं आम्हाला.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. “तसं त्यात नाही, बाई.”

मी घरी आले. खरं तर तेव्हाच परत जाऊन दुसरा अर्ज द्यायला हवा होता. मी दिला नाही. शाळेत चाचणी परीक्षा होती, पेपर तपासायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे पंधरा दिवस मी बाजाराच्या त्या टोकाला गेले नाही. आमटी-भात खाल्ला. नव्या संग्रहासाठी चार कविता लिहिल्या, त्यातली एक कोळणीवर होती. ती मी नंतर फाडली, पण लिहिली होती हे खरं.

मावशीने मला एसटी स्टँडवर गाठलं. डोक्यावर टोपली तशीच.

“कुठं असतेस बाई? मासळी सोडलीस काय?”

“नाही गं. तुम्ही कुठे बसता आता?”

“रिक्षांच्या मागं. ऊन असतं सकाळपासून. बर्फ टिकत नाय.” तिने टोपली बाकावर ठेवली. “आम्हाला अर्ज पायजे लिहून. तू शाळेत पोरांना अर्ज शिकवतेस, तर आम्हाला पण एक लिहून दे.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “रविवारी या.”

रविवारी ती सुनेला घेऊन आली. सून दहावी झालेली, पंचविशीची, बोलायला कमी. मी अर्ज आधीच तयार ठेवला होता. अपराधी मनाने लिहिलेला असल्यामुळे तो चांगला दोन पानी झाला होता. मी वाचायला लागले. “पिढ्यानपिढ्या या जागेशी नातं जोडलेल्या सागराच्या या कष्टकरी लेकी...”

“थांब,” मावशी म्हणाली. “सागराची लेक कोण?”

“तुम्ही. म्हणजे तशी एक उपमा आहे.”

“माझा बाप बोर्डीला वाडीत कामाला होता. झाडावर चढायचा. दर्यावर कधी गेला नाय. मी लग्न करून चिंचणीला आले. ते काढ.”

मी काढलं.

“आणि पिढ्यानपिढ्या नाय. बारा वर्षं झाली. त्या ट्रस्टवाल्यांना माहीत हाय बारा वर्षं. तू पिढ्या लिहिलंस तर बाकीचं पण खोटं वाटेल त्यांना.”

तेही काढलं. पुढे मी ‘पोटाची खळगी’ लिहिलं होतं, त्यावर ती नुसती बघत राहिली, म्हणून ते मी आपणच काढलं. दोन पानांतून शेवटी सहा ओळी उरल्या. आम्ही पाच जणी. बारा वर्षं बसतो. सात ते बारा. जाताना जागा पाण्याने धुतो. आधीच्या ट्रस्टींनी तोंडी परवानगी दिली होती. सावली असलेली जागा परत द्यावी. बस एवढंच. त्या सहा ओळींत दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

“सुनेला उतरवू दे,” मी म्हणाले. “तिला सवय होईल.” सवयीचा मुद्दा नव्हता हे उघड आहे. पण मावशी म्हणाली, “नको, तुझं अक्षर चांगलं.” मग मी कागद पुढे ओढला.

अर्ज द्यायला पाचही जणी आल्या, बरोबर सून होती, आणि मलाही घेऊन गेल्या. कारकुनांनी अर्ज घेतला, चष्मा खाली ओढून वाचला. मग उठले आणि कपाटातून फाईल काढली. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यात वाईट हेतू नव्हता असं मला अजून वाटतं. कागद नीट लावून ठेवायची त्यांना सवयच होती.

“हे अक्षर तुमचंच ना, बाई? दोन्हीकडचं?”

“हो,” मी म्हणाले.

“काय हाय त्यात?” मावशीने विचारलं.

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कागदांकडेच बघत होते, तेव्हा त्यांनी आधीचा अर्ज वाचून दाखवला. मोकळं, स्वच्छ, स्वागतशील. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. एक जण मागून म्हणाली, “आमच्याकडनंच घेऊन खात होती.”

मावशी म्हणाली, “चांगलं लिहिलंस. लगेच उठवलं आम्हाला.”

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मी त्या दिवसापासून अनेकदा आठवून पाहिलं आहे. मला वाटतं नव्हता. मालाची प्रत सांगावी तसं तिने सांगितलं. माझ्या लिखाणाचा इतका ताबडतोब परिणाम झाल्याची दाद आधी कुणी दिली नव्हती, आणि पुढेही कुणी दिली नाही.

“चला, टेम्पो जाईल,” ती बाकीच्यांना म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. जे घडलं ते सांगितलं आणि ट्रस्टला खुलासा द्यावा असं सुचवलं. चर्चा दीड तास चालली, आणि चांगल्या पातळीवर चालली. साहित्यिकाची बांधिलकी म्हणजे काय, यावर डॉक्टर फार छान बोलले. वाडीच्या मालकीणबाईंचं म्हणणं पडलं की कुंड्यांमुळे फाटकाची शोभा वाढली आहे, तेवढं तरी राहावं. शेवटी एक ठराव झाला. समाजाच्या शेवटच्या घटकाप्रती मंडळ आपली संवेदनशीलता व्यक्त करत आहे, असा. ‘मासळी’ हा शब्द त्यात घालावा असं मी म्हटलं, तर तो ठरावाच्या भाषेत बसत नाही असं मत पडलं. भाषेचं कारण देऊन शब्द काढायला मीच सुरुवात केली होती, तेव्हा मी फार ताणलं नाही.

पण दोन दिवसांनी संध्याकाळी अध्यक्ष माझ्या खोलीवर आले. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले.

“खुलासा तुम्ही वेगळा लिहा. मी सही करतो. माझी एकट्याची चालेल ना?”

मी तिथेच लिहिला. या वेळी त्यांनी शब्द न् शब्द वाचला. सही करून पेन खिशाला लावताना म्हणाले, “एक दिवसापुरती असं मी लिहिलं होतं.”

“हो सर. मी खोडलं.”

“वाक्य बरं वाटत नव्हतं का?”

“अडखळत होतं.”

त्यांनी मान हलवली. इतके दिवस मी त्यांच्या गद्यावर मनातल्या मनात हसत आले होते.

समितीची बैठक महिन्याभराने झाली. आम्ही सहाही जणी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मग आत बोलावलं. सहा ओळींचा अर्ज आणि अध्यक्षांचा खुलासा टेबलावर होता, त्यावर चहाची बशी ठेवलेली होती. मी उभी राहून बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, एवढ्यात ट्रस्टी आपसात गुजरातीत बोलायला लागले. मला काही कळेना. इतकी वर्षं डहाणूत राहून ‘केम छो’च्या पुढे मी गेले नव्हते. मावशीने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि त्यांच्याशी गुजरातीतच बोलायला लागली. तिकडून प्रश्न, इकडून उत्तर. एकदा सगळे हसले. एकदा एक म्हातारे ट्रस्टी तिला ‘बेन’ म्हणाले आणि तिने मान डोलावली. पाच-सात मिनिटांत संपलं.

“काय झालं?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“कठडा नाय काढणार. मागच्या गल्लीत भिंतीला लागून जागा दिली. सावली हाय. पण चौघींपुरतीच.”

“मग पाचवी?”

“आळीपाळीनं. रोज एक जण घरी राहील, सुकवायचं काम करील.”

“आणि आपला अर्ज?”

“अर्ज पायजेच ना. अर्ज नसता तर आत कोण घेतं आम्हाला?” ती म्हणाली. माझ्या समाधानासाठी म्हणाली असावी.

मागच्या गल्लीत गिऱ्हाईक कमी येतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी रोज वाट वाकडी करून तिथे जायला लागले. मावशी मासळी द्यायची, तोंडावर नाराजी नसायची, पण बोलायची नाही. बोंबील कसे करू, म्हणून मी मुद्दाम विचारायचे, तर “तुला येतात की,” एवढंच. असे सहा-सात महिने गेले.

शाळेत मी पत्रलेखनाचा विषय बदलला. तुमच्या पाड्यावर जे खरंच नाही त्याबद्दल लिहा, असं सांगितलं. वर्ग बराच वेळ पेन तोंडात धरून बसला. मग एका मुलीने लिहिलं, “आमच्या पाड्यावर नळ नाही, त्यामुळे पाणी अनियमित येत नाही.” मायना साफ चुकला होता. मी किती गुण द्यावे याचा विचार करत स्टाफरूममध्ये बसून राहिले. परीक्षेला मात्र पुस्तकातलाच विषय आला, आणि मुलांनी तो पूर्वीसारखाच सुरेख लिहिला.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी मावशी आपण होऊन बोलली. “सुनेला शिकव अर्ज लिहायला.”

“मी लिहून देईन ना. कधीही सांगा.”

“तेच नको,” ती म्हणाली, आणि मांदेली वर्तमानपत्रात बांधायला लागली.

सून दर रविवारी यायला लागली. आधी वाटलं होतं की मी तिला मायना, विषय, संदर्भ असं क्रमाने शिकवेन. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, “सोपं सांगा. कुणाला लिहायचं ते, आणि कुठे द्यायचं ते. मधलं मला माहीत हाय.” मधलं तिला खरंच माहीत होतं. तिने पहिला अर्ज गल्लीत पाण्याचा नळ मिळावा म्हणून लिहिला. ‘विनंती’ची वेलांटी चुकली होती. माझा हात लाल पेनकडे गेला. तो तिने पाहिला. मी पेनला टोपण लावून ठेवलं. दोन महिन्यांनी नळ बसला.

याच काळात मंडळ हळूहळू मोडलं. अध्यक्ष मुलाकडे बडोद्याला गेले, डॉक्टरांच्या गझलांचं पुस्तक निघालं आणि मग त्यांना वेळ होईना. माझा संग्रह तसाच फायलीत राहिला. कुणी त्याबद्दल विचारलं तर मी काम चालू आहे म्हणते. सुनेच्या अर्जांची मात्र मी वाट बघत असे. त्यांत एकही उपमा नसे. रविवारी दुपारी ती वाचून दाखवायची आणि मी चूक न शोधता ऐकायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही, मला बरेच रविवार लागले.

२०१९ मध्ये सभागृहाची रंगरंगोटी निघाली आणि गल्लीतली जागाही जाणार असं कानावर आलं. सुनेने अर्ज दिला, बैठकीचा दिवस मिळाला. आदल्या दिवशी मावशी म्हणाली, “तू यायचं बाई. पण बोलायचं नाय.”

मी गेले. मागच्या खुर्चीवर बसले. सून उभी राहून वाचत होती, अर्ज मराठीत, मधल्या प्रश्नांची उत्तरं गुजरातीत. आता मला त्यातलं निम्मं तरी कळत होतं. एका ट्रस्टींनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “बाई, तुमचं काही?”

“नाही,” मी म्हणाले.

रंगकाम होईपर्यंत जागा हलवायची आणि नंतर परत द्यायची, असं ठरलं. तसं लेखी द्या, असं सून म्हणाली, आणि त्यांनी दिलं. खाली चहाच्या टपरीवर तिने तो कागद उलटसुलट करून पाहिला, पिशवीत ठेवला, आणि आपल्या अर्जाची प्रत माझ्यापुढे धरली.

“यात ‘कृपया’ एकदाच लिहायचं असतं का?”

“एकदा पुरतं.”

“मी दोनदा लिहिलंय.”

“चालेल,” मी म्हणाले, आणि प्रत तिला परत दिली.